भगत, विंचू आणि हिशेबाची वही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिली आहे, पण उडवून लावण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मागच्या लेखात मी साप-विंचू 'उतरवणाऱ्या' भगतांबद्दल लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या भगताने पैसा न घेता शेकडो माणसं वाचवली, तेव्हा तुमचं विज्ञान गावात फिरकलंही नव्हतं, आणि मानवतावादाच्या नावाखाली तुम्ही गरिबांच्या श्रद्धेची टिंगल करता.

आधी टिंगलीचं बघू. लेखात मी 'अडाणी' हा शब्द वापरला होता. चुकलंच, काढून टाकलाय. भर पावसात दार वाजवलं की जो कंदील घेऊन निघतो, त्याला घरबसल्या अडाणी म्हणणं शोभत नाही.

'शेकडो वाचले' हेही मी नाकारत नाही. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. धामण किंवा दिवड चावली तर जखमेपलीकडे फारसं काही होत नाही. विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे भगताच्या पडवीत येणारे बरेचजण मुळात मरणारच नव्हते. त्यांच्यावर पाला झाडला काय नि पाढे म्हटले काय, सकाळी ते चालत घरी जाणार. आणि जे गेले, त्यांना 'उशिरा आणलं' किंवा 'पथ्य मोडलं'.

आता घरातली गोष्ट सांगतो. १९७८ साली, मी आठ वर्षांचा असताना, माझ्या काकूला उडवीतून पेंढा काढताना विंचू चावला. तांबडा. भगत आला. निगडीची डहाळी खांद्यापासून खाली ओढत पुटपुटत होता. दुखणं खांद्यातून कोपरात आलं, कोपरातून मनगटात, आणि मग तो म्हणाला, "उतरला." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी काकूच्या पायाशी बसलो होतो. पाय बर्फासारखे गार होते आणि लुगडं घामाने चिंब झालं होतं. ते कुणी बघितलंच नाही. दुखायचं थांबलं होतं ना! पहाटे तिला धाप लागली, तोंडाला फेस आला. उजाडायच्या आत गेली.

भगताला मी दोष देत नाही. तिला दवाखान्यात नेलं असतं तरी वाचली असती असं छातीठोक सांगता येत नाही, कारण तेव्हा डॉक्टरांकडेही धड उपाय नव्हता. इथवर तुमचं खरंच आहे.

पण त्याच काळात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांच्याही डोळ्यांदेखत विंचवाचे रुग्ण मरत होते. ते खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा टिपत राहिले. या विषाने दुखणं कमी असतानाही हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊ शकतात, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या घरात आलं. कोकणातल्या एका खेड्यातलं हे काम लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं.

भगत आणि डॉक्टर यांत मला फरक दिसतो तो इथे. हरले दोघंही. डॉक्टरांनी मेलेल्यांचाही हिशेब ठेवला, भगताच्या वहीत फक्त वाचलेले होते. खरं तर वहीच नव्हती.

'इतर धर्मांतल्या बुवांवर का लिहीत नाही?' लिहिलंय, जुने लेख चाळा.

राहिला कायदा. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा तुम्ही 'धर्मविरोधी' म्हणता. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. अडवणं, हे नीट वाचा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना तर त्यात स्पष्ट सूट आहे. भगताने गाडीत शेजारी बसून तालुक्यापर्यंत मंत्र म्हटला, तर कायद्याचं काही म्हणणं नाही आणि माझंही नाही. उलट घाबरलेल्या माणसाला ओळखीचा आवाज ऐकू येत असेल तर बरंच आहे.

शेवटी विचारलंत, 'तुमच्याच घरात रात्री मण्यार चावली तर देव आठवणार नाही का?' मला नाही, पण आईला नक्की आठवेल. ती देवापाशी दिवा लावेल, मी तिला थांबवणार नाही. तोवर मी १०८ ला फोन लावलेला असेल.