अभद्र म्हणे!

आज सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी फर्डिनांड होडलरचे एक चित्र टाकले आणि दहा मिनिटांच्या आत 'सकाळी सकाळी हे अभद्र कशाला?' असा प्रश्न व त्याखाली पाच अंगठे येऊन पडले. याच ग्रुपवर अपघातांचे व्हिडिओ बिनदिक्कत फिरतात. ते मात्र कोणाला अभद्र वाटत नाहीत.

होडलर हा स्विस चित्रकार. त्याची प्रेयसी व्हॅलेन्टीन गोदे-दारेल हिला १९१३ साली त्याच्यापासून मुलगी झाली आणि त्याच सुमारास तिला कर्करोगाने गाठले. तो तिच्या उशाशी बसून तिला रेखाटत, रंगवत राहिला. सुरुवातीच्या चित्रांत तिची मान ताठ आहे. पुढे डोके उशीत रुतत जाते, तोंड उघडे पडते, आणि २५ जानेवारी १९१५ रोजी ती गेल्यानंतरच्या चित्रांत तिचा देह केवळ एका आडव्या रेषेसारखा उरतो. ज्याचे आईवडील लहानपणीच क्षयाने गेले आणि एकेक करून भावंडेही गेली, त्या माणसाने इथेही नजर वळवली नाही. ज्यांना यात विकृती दिसते, त्यांच्या डोळ्यांविषयी मी काय बोलावे?

आईच्या शेवटच्या महिन्यात मीही तिला वहीत रेखाटत असे. मामींनी ते पाहिले आणि वही मिटून टाकली. "जिवंत माणसाचं असलं चित्र काढतात का?" आई मात्र नंतर हळूच म्हणाली, "नाक फार मोठं काढलंयस." तेराव्याला हार घालून जो फोटो ठेवला, तो वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लग्नातला, भरल्या गालांचा. मी जिला चमच्याने पाणी पाजले, ती बाई त्यात नव्हतीच.

आजारी माणसाला नको म्हणण्याचेही त्राण नसते, हा आक्षेप मला खोडता येत नाही, हे मान्य. फ्रेंच चित्रकार मोने याने १८७९ साली पत्नी कामीयला मृत्युशय्येवर रंगवले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पालटणारे निळे, पिवळे, करडे रंग आपण नकळत टिपत बसलो आहोत, हे जाणवून तो स्वतःच हादरला होता.

ग्रुपवर लिहिलेले तिखट उत्तर मी मघाशी पुसून टाकले. चित्र ठेवले आहे. मग ती वही काढली. एका पानावर उशीच्या कडेला मामींचा हात आला आहे, बांगड्यांसकट. दर दोन तासांनी आईची कूस त्याच बदलत असत. मी खुर्चीत बसून चित्र काढत होतो.