लग्न लावलं की ‘सारकें’ होतं? नाही, मामी

मंगळवारी रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर मामीनं एक लांबलचक मेसेज टाकला. वर ठळक अक्षरांत ‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’, खाली समलैंगिकतेविरुद्ध सहा मुद्दे, शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’. त्याच आठवड्यात तो मला भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला. फोंड्याला माझं झेरॉक्स काढून देण्याचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिथे एक बाई त्याच्या वीस प्रती काढायला आल्या. मी काढून दिल्या नाहीत.

घरच्या ग्रुपवर माझा मामेभाऊही आहे. मामीचाच मुलगा. तो समलैंगिक आहे हे मला चार वर्षांपासून माहीत आहे, आणि घरात अजून फक्त मलाच. त्यानं मेसेज वाचला, थोड्या वेळानं ग्रुप सोडला, आणि का सोडला म्हणून एकानंही विचारलं नाही. सकाळी मामीचा फोन आला. ‘‘बाये, हें खरें गो? लग्न केल्यार सारकें जाता?’’ म्हणजे लग्न केलं की सगळं ठीक होतं का.

म्हणून हे लिहिते आहे. त्याला विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून नाती-गावं बदलली आहेत. मुद्दे क्रमानं घ्यायचे होते, पण चौथा वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. तोच आधी घेते.

चौथा मुद्दा असा: ‘अशा मुलामुलींचं वेळीच लग्न लावल्यास किंवा तज्ज्ञांकडून उपचार केल्यास ती शंभर टक्के सुधारतात.’ त्याखाली कुठल्याशा केंद्राचा फोन नंबर.

जो आजारच नाही त्यावर उपचार कसला? जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं, २०१८ मध्ये हा मानसिक आजार नाही असं जाहीर केलं. २०२१ मध्ये मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आलं. आपल्याला यातलं पुरेसं कळत नाही, असं त्यांनी उघड कबूल केलं, मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून विषय समजून घेतला आणि मग निकाल दिला: कोणाचीही लैंगिकता ‘बदलण्याचे’ उपचार बंद करा. त्याच प्रकरणाच्या ओघात २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना कळवलं की असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे त्या नंबरवर बसलेला माणूस डॉक्टर असेल तर त्याची तक्रार गोवा मेडिकल कौन्सिलकडे करता येते. डॉक्टर नसेल तर पोटच्या पोराला त्याच्या हाती देताच कसं?

हे ‘उपचार’ काय असतात ते आपल्या गोव्यानं पाहिलेलं आहे. मे २०२० मध्ये केरळची एक तरुण मुलगी इथे मृतावस्थेत सापडली. घरच्यांनी ‘बरी’ करण्यासाठी आपल्याला केंद्रात ठेवलं, औषधं दिली, हे तिनं काही आठवड्यांपूर्वीच समाजमाध्यमावर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकानं एकदा त्या मुलीचा विचार करावा.

आणि लग्न. मेसेजमध्ये मुलाचं लग्न आहे, मुलाचं सुधारणं आहे, मुलाच्या आईवडिलांची अब्रू आहे. जिच्याशी लग्न लावायचं तिचा उल्लेख नाही. औषधाची बाटली असते, तशी ती मुलगी! आमच्या ओळखीतली एक बाई लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परत आली. एका दुपारी आमच्या सोप्यावर बसून ती माझ्या आईला सांगत होती, ‘‘तो वाईट नव्हता. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी रोज आरशात बघायचे.’’ तिला ‘तुझ्यात खोट आहे’ म्हणून ऐकवणारी सासू होती, मूल का नाही विचारणारे शेजारी होते, आणि नवरा रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीत बसून राहायचा. तोही सुधारला नाही. कशातून सुधारणार होता? रजिस्ट्रारकडे लग्नाची पहिली सही झाल्यावर, दुसरी होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत एकदा तरी त्याला कोणी विचारलं असतं, ‘‘बाबा, तुला हे हवंय का?’’ तर दोन आयुष्यं वाचली असती.

बाकीचे मुद्दे आता घेते.

पहिला: हे सगळं किनाऱ्यावरच्या विदेशी पर्यटकांनी आणलं, आपल्या संस्कृतीत नव्हतं. माझी मामी वर्षातून दोनदा म्हार्दोळला म्हाळसेची ओटी भरते. तिला मोहिनीची गोष्ट मी सांगायला नको. विष्णूनं घेतलेलं स्त्रीरूप, गळ्यात जानवं असलेली देवी. पोर्तुगीजांच्या धास्तीनं सोळाव्या शतकात वेर्ण्याहून झुवारीपलीकडे जिवापाड जपून आणलेली. पुराणातल्या गोष्टीवरून आज कोणाचे हक्क ठरत नाहीत, तसा माझा आग्रहही नाही. पण ‘आपल्याकडे नव्हतंच’ हे फोंडा तालुक्यात तरी कोणी बोलू नये. बाहेरून आली ती शिक्षा. १५६० मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशननं पुरुषा-पुरुषांमधल्या संबंधांवर खटले चालवले. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६० मध्ये लिहिलं, आणि मुक्तीनंतर भारतीय दंडसंहितेबरोबर ते आपल्याकडे आलं. तेव्हा कळंगुटला पर्यटक होते कुठे?

तिसऱ्या मुद्द्यात मोबाइल, वाईट संगत आणि एड्स यांची खिचडी आहे. संगतीनं कोणी समलैंगिक होत नाही. तसं असतं तर लहानपणापासून आमच्या संगतीत वाढलेला माझा हा मामेभाऊ आमच्यासारखा झाला असता. एचआयव्ही कोणालाही होऊ शकतो. या भीतीपायी गोव्यानं एकदा काय केलं तेही आठवावं. १९८९ मध्ये पर्राच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली. असं कोंडून ठेवायची मुभा देणारं कायद्यातलं कलम न्यायालयानं वैधच ठरवलं. सुटल्यावर डॉमिनिकनं एचआयव्हीबाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. त्या मेसेजमधली भाषा त्या ६४ दिवसांची आहे.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र थांबते, कारण तो ऐकायला खरा वाटतो. ‘हे श्रीमंत, इंग्रजी शिकलेल्यांचे चोचले आहेत. गरिबाच्या, बहुजनाच्या, गावड्याच्या घरात असलं काही नसतं.’

यातलं अर्धं मला मान्य करावं लागतं. गोव्यात या विषयावर जे चेहरे दिसतात ते बहुतेक इंग्रजी बोलणारे, किनारपट्टीवरचे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्याबद्दल मला आदर आहे. कुणबी साडीला त्यांनी पुन्हा मान मिळवून दिला, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आपल्या जोडीदाराबरोबर ते कोलवाळसारख्या गावात उजळ माथ्यानं राहिले. पण ज्या बाईच्या आजीनं ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून शेतात चिखल तुडवला, तिच्या घरातल्या मुलाला तसं उजळ माथ्यानं राहता येत नाही. कार्यक्रम होतात ते इंग्रजीत, रात्री, समुद्राकाठच्या हॉटेलांत. वाळपईचा मुलगा तिथे आला तर त्याची शेवटची कदंबा बस चुकते. हा दोष आहे, आणि तो आपल्यासारख्या ‘आम्ही तुमच्या बाजूचे’ म्हणणाऱ्यांचा आहे.

पण दिसत नाही म्हणजे नाही, असं कसं? २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा रकाना पहिल्यांदा मोजला गेला. देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली. त्यातले सुमारे दोन तृतीयांश खेड्यांत राहणारे. ७८ हजार ८११ अनुसूचित जातींचे, ३३ हजार २९३ अनुसूचित जमातींचे. प्रगणक उंबरठ्यावर उभा, घरातली वडीलधारी माणसं शेजारी, आणि तरीही ही नोंद झाली. न सांगितलेले किती असतील याची कल्पनाच करावी. यांना चोचले म्हणायचं? माझा भाऊ कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे. महिन्याच्या वीस तारखेनंतर तो मोटारसायकल घरी ठेवून बसनं जातो.

पाचवा: ‘२०१८ मध्ये कोर्टानं सगळं दिलं, आता आणखी काय हवं?’ ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं एवढंच केलं की दोन सज्ञान माणसांचा आपखुशीचा संबंध गुन्हा राहिला नाही. तुरुंगात टाकणार नाही, याला ‘सगळं दिलं’ म्हणत नाहीत. लग्नाची मान्यता १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारली गेली. गोव्यात ती नाकारण्याचा अर्थ फार मोठा आहे, कारण समान नागरी कायद्याचा आपण जो अभिमान बाळगतो त्यात लग्नाची नोंद झाली की सहसा नवरा-बायको मालमत्तेत अर्ध्या-अर्ध्याचे मालक होतात, एकाच्या सहीवर घर विकता येत नाही. वीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या दोन बायकांना यातलं काहीच नाही. एकीच्या नावावरचं घर, तिचे आईवडील हयात असतील तर निम्मा वाटा कायद्यानं त्यांचाच. मृत्युपत्र करूनही तो दुसरीला देता येत नाही. बँकेत, इस्पितळात, दहाव्या-बाराव्याला ती ‘मैत्रीण’.

सहावा मुद्दा लिहिणाऱ्याचा सगळ्यात आवडता असावा, त्यावर त्यानं तीन परिच्छेद खर्च केलेत. ‘इंटरसेक्शनल अॅलायशिप’, म्हणजे जात, वर्ग, लिंग यांचे अन्याय एकमेकांत गुंतलेले असतात हे ओळखून बाजूनं उभं राहणं, हा समाज फोडण्याचा परदेशी शब्द आहे, लैंगिकतेत जातीचं काय काम, वगैरे. शब्द परदेशी आहे, कबूल. त्यातला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेअभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये दिला. पण ती समज मराठीत त्याच्याही शंभराहून जास्त वर्षं आधीची आहे. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती विचारते. बाळंतपण बाईचं, छप्पर नसणं जातीचं आणि गरिबीचं, आणि हाल एकाच देहाचे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला हे दिसलं होतं.

मला ते माझ्या दुकानातल्या टेबलावर दिसलं. केपे तालुक्यातली एक पारलिंगी मुलगी फॉर्म भरायला आली. शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव, जमातीच्या दाखल्यावर तेच, आधारवर नवं नाव, फोटोत लांब केस. तिनं कागद एकावर एक न ठेवता टेबलावर पसरून मांडले, जणू मी विचारण्याआधीच सगळं सांगून टाकायचं होतं. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडलं. तो दाखला वापरायचा तर जुनं नाव चालवून घ्यायचं, नवं नाव धरायचं तर दाखला जुळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये पारलिंगी व्यक्तींना मागास मानून आरक्षण द्या म्हटलं, पण ते वेगळ्या मागास गटात टाकून दिलं तर हिनं आपली जमात सोडायची की स्वतःला? म्हणून तामिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या समांतर आरक्षण मागतात, म्हणजे ज्या त्या प्रवर्गाच्या आतच जागा. शेजारच्या कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असं १ टक्का दिलं. लैंगिकतेत जातीचं काय काम, याचं हे उत्तर आहे. आणि हे पटवायला परदेशी पुस्तक लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम १८ वाचा. लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व, कशावरूनही उपचारात भेदभाव करायचा नाही, असं ते सगळं एका ओळीत सांगतं.

बाजूनं उभं राहायचं म्हणजे काय, असं मला भजनी मंडळातल्या एकीनं विचारलं. मी तिला म्हटलं, कार्यक्रम मराठीत-कोकणीत घ्या, फोंड्याला घ्या, दुपारी घ्या. कोणालाही स्टेजवर येऊन स्वतःबद्दल सांगायचा आग्रह करू नका. आणि ग्रुपवर असा मेसेज आला की गप्प बसू नका. त्या रात्री मी गप्प बसले, आणि माझा भाऊ ग्रुप सोडून गेला.

मामीला फोनवर मी यातलं निम्मंच सांगितलं. तो काय आहे ते सांगायचा हक्क त्याचा आहे, मी बोलले ते मेसेजबद्दल. डॉक्टर लोकांनी काय लिहिलंय ते सांगितलं, सोप्यावर बसलेल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. मामी तिला ओळखते. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, ‘‘मग रविवारी ते मुलगी दाखवायला बोलावतायत, त्यांना काय सांगू?’’

नको म्हणून सांग, म्हटलं. आमच्याकडून नको म्हणून सांग, मुलीत काही खोट काढू नकोस.

तिनं तसंच सांगितलं.