‘इजिप्त’चं सोनं मुंबईहून नव्हे, मुंबईकडे निघालं होतं

घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी टाकलेला मेसेज भाच्याने शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प बसणं जमेना. मेसेज थोडक्यात असा: १९२२ साली इंग्रज भारताचं सोनं लुटून ‘इजिप्त’ या बोटीने मुंबईहून लंडनला नेत होते, बोट बुडाली. ‘आर्तिल्यो’ या इटालियन जहाजावरचे पाणबुडे श्वास रोखून चारशे फूट खाली उतरले, सोन्याला हात लागताच शापाने मेले, आणि सोनं अजून तळाशीच आहे.

बोट खरी, जहाज खरं, खोलीही साधारण बरोबर. बाकी सगळं चूक.

पी अँड ओ कंपनीची ‘इजिप्त’ लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईला निघाली होती. २० मे १९२२ च्या संध्याकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापुढे दाट धुक्यात ‘सेन’ नावाच्या फ्रेंच मालवाहू बोटीने तिला धडक दिली आणि वीसेक मिनिटांत ती बुडाली. दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी भारतात यायला निघालं होतं. पुढे बोटीवर सोनं ठेवलेल्या दालनातून सोन्याबरोबर काय वर आलं? हैदराबादच्या निजामासाठी इंग्लंडात छापलेल्या नोटा! संग्राहकांकडे त्या आजही आहेत. मुंबईहून लंडनला चाललेल्या बोटीवर या नोटा कशाला असतील?

संपत्तीची लूट झाली हे मी नाकारत नाही. दादाभाई नौरोजींनी ती आकड्यांनिशी मांडली आहे. १९३१ च्या सप्टेंबरनंतर मंदीने पिचलेल्या शेतकऱ्यांनी मोडलेलं सोनं मुंबई बंदरातूनच बाहेर गेलं, तेही खरं. पण म्हणूनच असल्या खोट्या गोष्टींची चीड येते. उद्या कुणी ही गोष्ट खोटी ठरवली की खऱ्या लुटीवरही संशय येतो.

आता तो शाप. मेलेल्या माणसांचा हा सरळ अपमान आहे. बुडालेला माल वर काढणाऱ्या इटालियन कंपनीच्या ‘आर्तिल्यो’ला ‘इजिप्त’ सापडली ३० ऑगस्ट १९३० ला. हिवाळ्यात त्या उघड्या समुद्रात काम अशक्य, म्हणून जहाज ब्रिटनीतल्याच किबरॉनच्या उपसागराकडे दुसऱ्या कामावर गेलं: १९१८ साली तिथे बुडालेल्या ‘फ्लोरेन्स एच’ या दारूगोळ्याच्या अमेरिकन जहाजाचे अवशेष सुरुंगाने उडवायचे. आधी लांब उभं राहून सुरुंग उडवले. बरेच सुरुंग उडूनही काही झालं नाही, तेव्हा आतली दारू भिजून निकामी झाली असणार असं वाटलं आणि अंतर कमी होत गेलं. ७ डिसेंबर १९३० ला उरलेला सगळा साठा एकदम उडाला. प्रमुख पाणबुड्या अल्बेर्तो ज्यानी, त्याचे साथीदार फ्रान्चेस्की आणि बार्जेल्लिनी आणि आणखी बरेच जण गेले, ‘आर्तिल्यो’ही बुडालं. तोवर ‘इजिप्त’च्या सोन्याचा एक तुकडाही कुणी पाहिला नव्हता! सोनं पहिल्यांदा वर आलं जून १९३२ मध्ये. त्याच इटालियन कंपनीने दुसरं जहाज घेऊन त्यालाही ‘आर्तिल्यो’च नाव दिलं होतं.

श्वास रोखून? चारशे फुटांवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दाबाच्या बारा-तेरा पट असतो. ज्यानी आणि त्याच्या माणसांनी वापरली ती पोलादी कुपी. काचेच्या जाड खिडक्यांच्या त्या उभ्या नळकांड्यात एक माणूस जेमतेम मावे. आतला दाब जमिनीवरच्याइतकाच, सोबत प्राणवायू, आणि वर बोलायला टेलिफोन. त्याला हाताने काहीही करता येत नसे. तो खिडकीतून बघून सांगे, अजून डावीकडे, थोडं खाली, आता मिटा. मग वर जहाजावर विंच (दोर ओढायचं यंत्र) चालवणारा माणूस दोराने खाली सोडलेला पोलादी पंजा मिटवी. सुरुंगही असेच खाली सोडले. जहाजाचे मजले एकेक उडवत सोन्याच्या खोलीपर्यंत पोचायला दोनएक वर्षं गेली. जहाज जागचं हलू नये म्हणून सभोवार नांगरलेल्या बोयांना (तरंगत्या पिंपांना) दोरखंडांनी बांधलेलं असे. आज बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर पाणबुड्यांना उतरवणारी जहाजं हेच काम थ्रस्टर (जहाजाला बाजूने ढकलणारे पंखे) आणि संगणकाने करतात.

हे सगळं ‘द टाइम्स’चा वार्ताहर डेव्हिड स्कॉट याने जहाजावर राहून पाहिलं आणि लिहून ठेवलं. ज्याला शापाची गोष्ट पुढे ढकलायची असेल त्याने आधी स्कॉट वाचावा.

सोनं तळाशी आहे म्हणे. १९३५ पर्यंत बहुतेक सगळं वर आलं, आणि विमा कंपन्या व इटालियन कंपनी यांच्यात करारानुसार वाटलं गेलं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र भाच्याच्या वहीत आता आहे. ‘इजिप्त’बरोबर ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यांत बोटीवर काम करणारेच जास्त. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर आणि इंजिनात भारतीय खलाशी असत, प्रवाशांच्या सलूनमध्ये, म्हणजे जेवणाच्या दालनात, गोव्याची माणसं. पुढच्या वेळी ‘इजिप्त’बद्दल काही पाठवायचं असेल, तर काकांनी त्यांच्याबद्दल पाठवावं.