इंजिनाला न विचारता ऑक्टेन वाढवण्याची रीत

आपले इंजिन असामान्य आहे आणि त्याला चारचौघांसारखे पेट्रोल पाजणे हा त्याचा अपमान आहे, याबद्दल आपली खात्री झालेली आहे असे धरूनच हा सल्ला लिहीत आहे. ज्यांची तशी खात्री झालेली नसेल त्यांनी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे, त्यात सांगितलेले पेट्रोल भरावे आणि उरलेला दिवस सत्कारणी लावावा. त्यांना पुढे वाचण्याचे कारण नाही. बाकीच्यांपुढे प्रश्न एकच उरतो: टाकीत ऑक्टेन बूस्टरची, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढवणाऱ्या रसायनाची, बाटली ओतावी, की सरळ रेस फ्युएलचे, म्हणजे शर्यतीसाठीच्या चढ्या ऑक्टेनच्या इंधनाचे, पिंप आणावे?

निर्णय सोपा व्हावा म्हणून पहिले पथ्य असे, की ऑक्टेन म्हणजे काय हे समजून घेण्याच्या फंदात पडू नये. ऑक्टेन म्हणजे ताकद, ही समजूत जिवापाड जपावी. तिला धक्का देणारे वास्तव असे आहे, की सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबाखाली तापलेले असते, आणि प्लगची ठिणगी पडून ज्वाला एका बाजूने पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण कधीकधी तिची वाट न पाहता आपले आपणच भडकते. मग दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात, कानाला टकटक ऐकू येते आणि पिस्टनची चाळण होण्याची पूर्वतयारी सुरू होते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ज्वाला येईपर्यंत असे न भडकण्याचा पेट्रोलचा जो सोशिकपणा, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२० च्या दशकात हे माप ठरवताना आयसोऑक्टेन या सोशिक द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेन या उतावळ्या द्रवाला शून्य गुण दिले गेले. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण खिसा रिकामा करणार आहोत, तो पेट्रोल किती जोमाने जळते हे सांगत नाही, तर किती वेळ दम धरते एवढेच सांगतो. पण सोशिकपणाचे गुण आपल्या मित्रमंडळींत कोणी मिरवत नाही, तेव्हा ताकद हाच शब्द चालू ठेवावा.

या समजुतीला १९८८ सालच्या एका उदाहरणाने तडा जाऊ शकतो, म्हणून तेही आधीच सांगून ठेवतो. त्या वर्षी फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये होंडाच्या दीड लिटरच्या टर्बो (म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनाने मॅकलारेनला १६ पैकी १५ शर्यती जिंकून दिल्या, आणि त्या इंजिनाचे इंधन होते ८४ टक्के टोल्यूइन व १६ टक्के नॉर्मल हेप्टेन. होय, तेच हेप्टेन, ज्याला पट्टीवर शून्य गुण आहेत. नियमाने ऑक्टेनवर १०२ ची मर्यादा घातली होती, आणि टोल्यूइनचा आकडा तिच्या बराच वर असल्याने तो खाली ओढायला शून्यवाला घटकच कामी आला. सहाशेहून अधिक अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनात ज्यांनी जाणूनबुजून ऑक्टेन घटवणारा पदार्थ घातला, त्या अभियंत्यांना आपल्यासारखा मार्गदर्शक भेटला नाही, एवढेच म्हणता येईल.

आता बाटलीकडे वळू. बाटलीचे पहिले सौंदर्य तिच्यावरच्या अक्षरांत असते. ‘३० पॉइंटपर्यंत वाढ’ असे लिहिलेले दिसताच मनातल्या मनात ९५ मध्ये ३० मिळवून १२५ करावेत आणि त्या आनंदात गल्ल्यावर पैसे मोजावेत. या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणून ३० पॉइंट म्हणजे जेमतेम ३, आणि ‘पर्यंत’ या शब्दात शून्यही आरामात मावते, असले खुलासे करणाऱ्या मित्रापासून दूर राहावे. एका बाटलीने समाधान झाले नाही तर दुसरी ओतावी. पहिल्या मात्रेने जेवढा आकडा हलतो तेवढा पुढच्या मात्रेने हलत नाही, हा त्या रसायनांचा स्वभाव आहे. पण खर्च मात्र प्रत्येक बाटलीमागे प्रामाणिकपणे तेवढाच वाढत जातो.

बाटलीत नेमके काय असते हे विचारणे अशिष्टपणाचे असले तरी प्लग काढून पाहिल्यास ते आपोआप कळते. प्लगच्या टोकावर विटकरी रंगाचा थर दिसला तर आत मँगनीजचे संयुग असावे किंवा फेरोसीन, म्हणजे लोहाचे संयुग, असावे. लोहाचा थर विजेला वाट करून देतो, त्यामुळे ठिणगी कधीकधी पडायच्या जागी पडतच नाही. मँगनीजची राख धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या बारीक छिद्रांत मुक्कामाला जाते. इंजिनाला आतून गंज चढल्याचा रंग आणि तोही कारखान्यात न मिळणारा, हे वैभव साध्या पेट्रोलवाल्यांच्या नशिबी नसते. ही धातूची संयुगे ज्या द्रवात मिसळलेली असतात तो अनेकदा रॉकेलच्या कुळातला असतो, आणि रॉकेलचा स्वतःचा ऑक्टेन पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही त्याचे पैसे आपण बूस्टरच्या भावाने देतो. (जिथे हव्या त्या दर्जाचे पेट्रोल मिळतच नाही अशा रस्त्यावर टर्बोला जपण्यासाठी, वेष्टनावरचे प्रमाण वाचून एखादी बाटली वापरणे, हा तिचा एक खरा उपयोग आहे. तो इतका नीरस आहे, की त्याचा उल्लेख कंसातच शोभतो.)

रेस फ्युएल हे मात्र खानदानी प्रकरण आहे. त्याचा रंग वेगळा, वास वेगळा, आणि ते घट्ट झाकणाच्या पिंपात येते. ते झाकण उघडेच ठेवावे, म्हणजे त्यातले हलके, चटकन उडणारे घटक आधी निघून जातील आणि उरलेले इंधन थंड इंजिनाला सुरू होताना खरी परीक्षा देईल. पिंपावरचा आकडा वाचताना तो कुठल्या पद्धतीने मोजला आहे हे पाहू नये. रिसर्च पद्धतीत चाचणीचे एक-सिलिंडर इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात. मोटर पद्धतीत ९०० फेऱ्यांवर, आणि तेही मिश्रण १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून. काही देशांत पंपावर दोहोंची सरासरी लिहितात, त्यामुळे एकाच पेट्रोलला एकीकडे ९८ आणि दुसरीकडे ९३ म्हणण्याची सोय आहे. आपले इंजिन ७००० फेऱ्या मारते म्हणून त्याला यातले कुठले माप जास्त लागू पडेल असा प्रश्न पडलाच, तर मोठा आकडा निवडावा.

पिंप महाग वाटले तर मिश्रण करावे, मात्र हिशेब करू नये. टाकीत ९१ चे ४० लिटर असताना त्यात १०९ चे १० लिटर ओतले तर ढोबळमानाने ९४.६ होतात, म्हणजे पंपावरच्या चांगल्या पेट्रोलच्या आसपास. एवढ्या पायपिटीनंतर पंपावरच पोहोचण्याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात.

काही रेस फ्युएलमध्ये शिसे असते, आणि ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी तेच मागावे. १९२१ साली थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या संयुगाचा नॉकिंगविरोधी गुण सापडला. १९२४ साली ते बनवणाऱ्या कारखान्यात कामगार विषबाधेने दगावले, तेव्हा मिजलींनी पत्रकारांसमोर हे रसायन स्वतःच्या हातांवर ओतून आणि हुंगून दाखवले. त्याआधीच शिशाच्या विषबाधेमुळे त्यांना स्वतःला रजेवर जावे लागले होते, हा भाग त्या प्रात्यक्षिकात नव्हता. रस्त्यावरच्या मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणे जगातून पूर्ण थांबायला २०२१ साल उजाडले. आपल्या गाडीतल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला आणि कन्व्हर्टरला मात्र एवढी प्रतीक्षा करवत नाही. त्यांचा निकाल फार लवकर लागतो. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि त्याकडे शुभचिन्ह म्हणून पाहावे.

शिसे नको असेल तर इंधनातच ऑक्सिजन असलेला प्रकार मिळतो. त्याला त्याच हवेत जास्त इंधन लागते. एथेनॉलचे प्रमाण मोठे असेल तर साधारण ३० टक्के जास्त. जो ट्यूनर, म्हणजे इंजिन जुळवून देणारा कारागीर, मॅप (किती इंधन सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची याचा संगणकातला तक्ता) बदलून घ्या, इंधन फवारणारे इंजेक्टर पुरतात का ते पाहा असे सांगेल, तो आपल्याकडून पैसे उकळू पाहतो आहे असे समजावे आणि जुन्याच मॅपवर पूर्ण थ्रॉटल द्यावे. हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याने पिस्टनचा माथा वितळला, तरी इंधन उत्तम होते हे कोणी नाकारू शकणार नाही.

एव्हाना एखादा चौकस वाचक विचारील, की मग शर्यतीतली मंडळी हे महागडे इंधन वापरतात तरी कशासाठी? कारण त्यांनी इंजिन आधी बांधलेले असते. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, वाढवलेले असते, टर्बोचा दाब वाढवलेला असतो, ठिणगी आधी पडावी म्हणून टाइमिंग पुढे घेतलेले असते, आणि या सगळ्याने मिश्रण भडकू लागते म्हणून त्यांना सोशिक इंधन लागते. त्यांच्याकडे गरज आधी येते आणि पिंप नंतर. आपण पिंप आधी आणले आहे. आपल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ९८ साठी बेतलेला असेल तर ९५ वर तो टाइमिंग मागे घेतो आणि ९८ वर परत पुढे आणतो, तेवढा फरक खरा. पण त्याच्या मॅपमध्ये त्यापुढे रस्ताच आखलेला नसेल तर ११० चे इंधनही ९८ च्याच वेगाने निमूटपणे जळते, आणि रोग म्हशीला नसतानाही पखालीला इंजेक्शन टोचल्याचे पुण्य आपल्या पदरी पडते.

एका वस्तूपासून मात्र सांभाळून राहावे. गाडीच्या निदान सॉकेटला जोडायचे एक छोटे उपकरण मिळते. ते बऱ्याच गाड्यांत नॉक सेन्सरने काय ऐकले आणि ईसीयूने टाइमिंग किती अंश मागे घेतले हे आकड्यांत दाखवते. चढावर, पूर्ण थ्रॉटलवर, साध्याच पेट्रोलवर तो आकडा शून्य दिसला, तर बाटली आणि पिंप यांच्यातला हा सगळा रंगलेला सामना त्याच क्षणी रद्द होतो. असे उपकरण कोणी भेट दिलेच, तर ते वेष्टणासकट कपाटात ठेवावे. बाटली मात्र मागच्या काचेतून दिसेल अशी ठेवावी. ती रिकामी असली तरी इंजिनाला फरक पडत नाही.