डुकरापुढे वाचली वेव्हटेबल

घरी बसून सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, बनवणं एक वेळ जमतं. तो गावात वाटणं ही खरी परीक्षा.

आमच्याकडे सूर काढणाऱ्या वस्तूंची वर्गवारी ठरलेली आहे: पेटी, कॅसिओ आणि डीजे. माझा डबा तिन्हींत बसेना. डबा म्हणजे खरोखरचा डबा, सोयाबीन तेलाचा, घासूनपुसूनही तेलकटच राहिलेला. त्यात ईएसपी-३२ चा बोर्ड, म्हणजे इवलासा संगणकच, आकड्यांचा आवाज करणारी पीसीएम-५१०२ ची दोन बोटं रुंद पट्टी, मेलेल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर आणि वर फिरवायची चार बटणं. पार्सलवाला गावापर्यंत येत नाही, तालुक्याच्या पानठेल्यावर ठेवून जातो. त्यामुळे माझ्याही आधी पानठेलेवाल्यानं तो बोर्ड हलवून, कानाला लावून पाहिला होता. "आवाज तं येत नाई," असा त्याचा अहवाल माझ्याआधी गावात पोचला.

"याच्यात हाय काय?" हा पहिला प्रश्न सगळ्यांचाच. खरं उत्तर "आकडे" असं आहे, आणि ते दिलं की माणूस सट्ट्याच्या संशयानं बघतो. म्हणून नीट सांगायला बसायचो. आवाजाच्या लाटेचा एकच फेरा घ्यायचा आणि तो २५६ आकड्यांत मांडायचा. बोर्ड सेकंदाला ४४१०० वेळा त्या रांगेतला एक आकडा उचलतो, रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. सूर कोणता हे दर खेपेला किती खाने पुढे उडी मारली त्यावर ठरतं. पांढरी सहा, म्हणजे ४४० हर्ट्झ हवी असेल तर दर उडी साधारण २.५५ खान्यांची. आता अर्धा खाना आणायचा कुठून? तर अलीकडच्या-पलीकडच्या दोन आकड्यांमधला काढून घ्यायचा. अशा पुष्कळ लाटा एकामागे एक रचल्या की झालं वेव्हटेबल. बटण फिरवावं तसा सूर तोच राहतो, आवाजाचा पोत मात्र पालटत जातो. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही हिकमत वाद्यात बसवली. पुढे त्यांच्या पीपीजी वेव्हमध्ये एकेका टेबलात ६४ लाटा होत्या. माझ्या डब्यातही तेवढ्याच आहेत, तेही हजार-बाराशे रुपयांत.

हॅम्बुर्गपर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा उठून गेलेला असे.

टिकून बसले ते एकटे पेटीमास्तर. सामुदायिक प्रार्थना आटोपली, खंजिरी पिशवीत गेली, तेव्हा मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कान थेट स्पीकरला लावला. खालचं सप्तक, मधलं सप्तक, चेहरा कोरा. वरच्या सप्तकात गेलो तसा त्यांनी माझा हात धरला.

"पोट्ट्या, तुये वरचे सूर खोटं बोलून राह्यले. तू चढून राह्यला, अन् मागं एकजण उतरून राह्यला."

मी थक्क झालो. याला एलियसिंग म्हणतात. सेकंदाला ४४१०० आकडे उचलले तर त्याच्या निम्म्यापर्यंत, २२०५० हर्ट्झपर्यंतचेच स्वर नीट निघतात. त्याच्या वर जाऊ पाहणारे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत निघणारे वरचे बारीक स्वर, भिंतीवर आपटून खाली परततात, आणि सूर चढत जाईल तसे ते उतरत जातात. हे समजायला लोकांना आलेख काढावे लागतात. मास्तरांनी तंबाखू मळता मळता सांगितलं. उपायही आहे: सप्तकागणिक वेगळ्या लाटा ठेवायच्या, वर जावं तसे उपस्वर कमी करत न्यायचे. तसं करून पुन्हा नेला.

"आता बरं हाय. पन भाता कुठी हाय?"

"भाता नसते याले, मास्तर."

"मंग हवा कोन भरते?"

त्यांना खूश करावं म्हणून त्यांच्याच पेटीचा सूर मोबाईलवर घेतला, त्यातला एक फेरा कापला आणि "पेटी" नावाचं टेबल बनवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "माहीच हाय," ते म्हणाले, "पन मेली हाय." खरंच होतं. जिवंत पेटीत दर फेरा मागच्यापेक्षा केसभर निराळा असतो, आणि मी एकच पकडून फिरवत बसलो होतो.

संगीताच्या बाजूनं प्रकरण इथंच मिटलं असतं. पण आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे, ते काकाजी त्या रात्री ओट्यावर होते. हरभरा घाट्यावर आलेला, रानडुकरं रोज एक ओळ उकरून जायची, आणि काकाजींची जागल सुरू. भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावून झालं होतं. चार-दोन रात्रींत डुकरांना कळतं की हा कुत्रा चावत नाही, मग ती त्याच्याच साथीनं चरतात.

"तुया डबा रोज निराळा बोंबलते ना?"

माझ्या वाद्याचं इतकं अचूक वर्णन कोणीच केलं नव्हतं. लाटांमधून आपोआप वरखाली फिरायची सोय त्यात होतीच. मी कानात खिळा ठोकणारं एक टेबल रचलं, नाव दिलं "खरवड", आणि डबा वावरात गेला. डुकरं पळाली. दुसऱ्या दिवशी दारात रांग. मी आधीच सांगून बसलो होतो की नकाशा, प्रोग्राम, सगळं फुकट आहे, ज्याला पाहिजे त्यानं बनवावं. गावानं त्यातला "फुकट" तेवढा उचलला आणि "बनवावं" माझ्याकडे ठेवलं. घरातले तेलाचे डबे संपले तेव्हा आई किराणावाल्याकडे मागू लागली, तीही वैतागून: "कलाकार होतो म्हने, डुकराचा मास्तर झाला."

आणि तक्रारी! कोणाचा बोर्ड ओला झालेला, कोणी बारा व्होल्टची बॅटरी सरळ पाच व्होल्टच्या जागी जोडलेली. त्या बोर्डाचा धूर मीही सुगंधानं ओळखू लागलो. काकाजींनी तर डबा झटका मशीनच्याच बॅटरीवर घेतला. कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला झटका जातो, तो आवाजातही उतरला: टक्... टक्... टक्. गाळायला कपॅसिटर लावून देतो म्हटलं तर नको म्हणाले.

का, ते परवा कळलं. रात्री दीडला फोन.

"भाऊ, डुकरं गेले. पन एक रोही उभा हाय. हलूनच नाई राह्यला."

"टेबल कोनतं लावलं?"

"पेटी."

"काकाजी, थे कायले? खरवड लावा म्हटलं होतं ना."

"रातभर खरवड कोन आयकन बावा? मी भजन म्हणून राह्यलो इथं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "अन् हे टकटक थोडी धीमी करता येते काय? लय पळून राह्यली."