‘कसं’ दिसलं, ‘का’ राहिलं

बीपीएमएनची, म्हणजे कामाच्या पायऱ्या ठरलेल्या चिन्हांनी दाखवणाऱ्या पद्धतीची, आकृती काढली की व्यवसायाचं उद्दिष्ट सगळ्यांना कळतं, असं एका लेखात वाचलं. ते मला पटलं नाही. ती आकृती कामाचा क्रम दाखवते. ते काम का करायचं, हे नाही. त्यासाठी एरिक यू यांनी १९९५ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलेली आय-स्टार पद्धत बघावी. कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, तेच तिथे रेखाटतात. आर्किमेट ही संस्थेची रचना आकृत्यांत मांडायची भाषा; तिच्यातही २०१२ च्या २.० आवृत्तीपासून उद्दिष्टाला स्वतंत्र चिन्ह आहे.

आमच्या प्रकल्पात गोदामाची प्रक्रिया भिंतभर काढली होती. स्टोअरकीपरने विचारलं, "ही तिसरी सही कशासाठी?" उत्तर भिंतीवर कुठेच नव्हतं. ते निवृत्त झालेल्या साहेबांनाच ठाऊक होतं, आणि शेवटी त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागलं.