पाय रोवून उभे राहण्याचा सल्ला: एक प्रतिवाद

उन्हाळी वर्गांचे दिवस जवळ आले की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कराटे, ज्यूदो, बॉक्सिंगच्या वर्गांत फुटवर्कच्या नावाखाली मुलांना महिनोन्‌महिने नुसते पुढे-मागे नाचवतात, खरी मारामारी दोन-तीन सेकंदांत संपते, तिथे पाय हलवायला वेळच नसतो, आपल्या मातीतला पैलवान पाय रोवून उभा राहतो, कारण ताकद रोवलेल्या पायातून येते, मुष्टियोद्धा मोहंमद अलीनेसुद्धा १९७४ सालच्या लढतीत जॉर्ज फोरमनला एका जागी उभे राहूनच हरवले, आणि हात नीट शिकवले तर पाय त्यांच्यामागून आपोआप येतात. मी स्वतः संध्याकाळी मुलांना कराटे शिकवतो आणि त्याआधी काही वर्षे तालमीत उतरत होतो. या वादात माझा स्वार्थ आहे हे आधीच मान्य करून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देतो.

या गैरसमजाला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. क्रिकेटच्या मराठी वर्णनात फुटवर्कला ‘पदलालित्य’ म्हणण्याची प्रथा पडली आणि त्या शब्दातल्या लालित्यामुळे पायांची हालचाल म्हणजे वरून चढवलेला दागिना, असा समज झाला. तालमीतला आणि मर्दानी खेळांतला शब्द ‘पवित्रा’ आहे. पवित्र्यात शोभेचा भाग नसतो; समोरच्यापासून किती अंतरावर, कोणत्या कोनात आणि कोणत्या पायावर किती भार देऊन उभे राहायचे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

संदेशाने पैलवानाचा दाखला दिला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल. ज्याने एकदा तरी खडाखडी, म्हणजे कुस्तीतली उभ्याने चालणारी झटापट, जवळून पाहिली आहे, तो पैलवान पाय रोवून उभा राहतो असे म्हणणार नाही. दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून झटत असतात तेव्हा प्रेक्षकांचे डोळे हातांवर असतात, पण वस्तादाचे डोळे पायांवर असतात. पट काढायचा, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायचे, तर खाली वाकण्याबरोबर पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या दरम्यान जावा लागतो. पाय मागे ठेवून नुसते वाकणारा मल्ल मातीत तोंडघशी पडतो. आतली टांग, बाहेरची टांग हे डाव तर बेसावधपणे एका जागी राहिलेल्या पायावरच टाकले जातात. ज्या कलेत उभा ठेवलेला पाय हेच प्रतिस्पर्ध्याचे भक्ष्य असते, ती कला पाय रोवायला शिकवते असे म्हणणे विचित्र आहे. हीच गोष्ट ज्यूदोत दिसते. १८८२ साली जिगोरो कानो यांनी स्थापन केलेल्या कोडोकान या ज्यूदोच्या मूळ संस्थेने १९२० साली डावांची पाच गटांतली यादी सुधारून ठरवली. तिच्या पहिल्या गटातला पहिलाच डाव ‘दे-आशी-बाराई’ आहे, म्हणजे पुढे आलेल्या पायावर भार पूर्ण पडण्याच्या किंवा सुटण्याच्या क्षणी तो झाडून नेणे. नवशिक्याला सुरुवातीलाच पायांतल्या भाराची ही उठबस समजावी लागते.

मर्दानी खेळांतले उदाहरण याहून स्पष्ट आहे. महाराष्ट्राने २०२४ साली राज्यशस्त्र म्हणून घोषित केलेल्या दांडपट्ट्याची मूठ कोपराजवळपर्यंत येणाऱ्या लोखंडी आवरणात असते. त्यामुळे साध्या तलवारीसारखे मनगट वळवून वाराची दिशा बदलता येत नाही. मनगटाचे काम मग कोण करणार? ते खांदा, कंबर आणि शेवटी पाऊल करते. लिंबू छाटण्याचे प्रात्यक्षिक पाहताना पात्याचा वेग डोळ्यांत भरतो, पण लिंबापासून पात्याच्या टोकाचे अंतर बोटभरही चुकू नये ही कामगिरी पवित्र्याची असते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीवही त्यावरच अवलंबून असतो. पट्टा फिरवणाऱ्याला पाय न हलवता पट्टा फिरवायला सांगून पाहावे; तो नम्रपणे नकार देईल.

ताकद रोवलेल्या पायातून येते, या विधानात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटते. ठोशाचे बळ खरोखर जमिनीपासून सुरू होते: मागच्या पायाचा चवडा जमीन ढकलतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि हात सर्वांत शेवटी पोचतो. ठोसा लागण्याच्या क्षणी पाय जमिनीला घट्ट टेकलेला हवा, हे कोणताही प्रशिक्षक नाकारणार नाही. परंतु तो क्षण सेकंदाचा लहानसा अंश असतो. त्याच्याआधी ठोसा पोचेल अशा जागी यावे लागते आणि त्यानंतर प्रत्युत्तर पोचणार नाही अशा जागी जावे लागते. टेकलेला पाय आणि रुतलेला पाय यांत हा फरक आहे. सोलापूरकरांना तो समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा बाराबंदी घातलेला सेवेकरी तो उंच आणि जड ध्वज पेलत असताना त्याच्या पावलांकडे पाहावे. ध्वज जिकडे झुकेल तिकडे पाऊल सरकवून तो आपले अंग भाराखाली आणत असतो. त्याने पाय रोवून केवळ हातांच्या जोरावर ध्वज सावरायचे ठरवले, तर तो काही पावलांतच कलंडेल. यात्रेपूर्वी सराव करायचा तो याचसाठी.

कराटेतल्या खोल बैठकी पाहून काहींना वाटते की निदान ही कला तरी स्थिर उभे राहायला शिकवते. छायाचित्रात तसे दिसते खरे. पण नवशिक्याला शिकवल्या जाणाऱ्या ‘हेइआन शोदान’ या काताच्या, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेच्या, २१ हालचालींपैकी जवळजवळ प्रत्येक हालचाल पाऊल टाकून किंवा वळूनच होते. आधुनिक कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांच्या वीस सूत्रांपैकी एक असे सांगते की बांधीव पवित्रा नवशिक्यांसाठी असतो आणि पुढे नैसर्गिकपणे उभे राहायचे असते.

‘दोन-तीन सेकंदांत निकाल लागतो’ या मुद्द्यावरून संदेशाने काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. मारायला येणारा माणूस बहुधा हाताच्या टप्प्याबाहेरून येतो, म्हणजे त्याला एक पाऊल टाकावेच लागते. दोन सेकंदांत पाच तंत्रे वापरता येणार नाहीत, हे मान्य. परंतु अर्धे पाऊल तिरके सरकता येते आणि तेवढ्याने त्याचा हात रिकाम्या जागेतून जातो. वेळ जितका कमी, तितके ते पहिले पाऊल अंगवळणी पडलेले असण्याचे महत्त्व अधिक. शिवाय रस्त्यावरच्या प्रसंगात जिंकणे म्हणजे बहुतेक वेळा सुरक्षित निसटणे असते. पाठ भिंतीकडे न जाता मोकळ्या वाटेकडे जाईल अशा रीतीने सरकणे, हे हातांनी करता येत नाही. मात्र इथे संदेशाची एक तक्रार रास्त आहे. आठ मीटर बाजूच्या चटईवर अनवाणी पायांनी उड्या मारत गुण मिळवणारे स्पर्धेतले फुटवर्क खडी पसरलेल्या रस्त्यावर, चपला घातलेल्या पायांना जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. म्हणून मी मोठ्या मुलांना महिन्यातून एकदा मैदानाच्या खडबडीत कडेला, रोजच्या चपला घालूनच सराव करायला लावतो. पहिल्या दिवशी निम्म्या चपला मागे राहतात.

अलीच्या लढतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. किन्शासात झालेल्या त्या लढतीत तो रिंगणाच्या दोरांना टेकला, हे खरे. पण फोरमन पावले तिरकी टाकून रिंगणातल्या वाटा अडवत होता, म्हणून अलीला तो मार्ग घ्यावा लागला. वाट अडवणे हेसुद्धा फुटवर्कच आहे. आठव्या फेरीत निर्णायक ठोसे बसले तेव्हा अली दोरांपासून सुटून बाहेर वळला होता.

राहिला ‘पाय आपोआप येतात’ हा मुद्दा. आपोआप जे येते ते मी दर जूनमध्ये पाहतो. अंगावर कोणी आले की नवे मूल सरळ रेषेत मागे जाते, टाचांवर बसते, पाय एकमेकांत अडकवते आणि हनुवटी वर करते. हे नैसर्गिक आहे आणि चारही गोष्टी घातक आहेत. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा पाय आधी, डावीकडे जाताना डावा आधी, हा साधा नियम चालण्याच्या सवयीविरुद्ध असल्यामुळेच तो मुद्दाम शिकवावा लागतो. त्यासाठी मी साधा सोलापुरी टॉवेल वापरतो. दोघांनी त्याची दोन टोके धरायची. एकाने हवे तसे पुढे-मागे, आडवे सरकायचे आणि दुसऱ्याने टॉवेल ताणू द्यायचा नाही, तसाच लोंबूही द्यायचा नाही. ठोसे सुरेख मारणारी मुले यात पहिले काही आठवडे सपशेल हरतात.

महिनोन्‌महिने नाचवण्याच्या आरोपातही काही तथ्य आहे. जमिनीवर शिडी आखून तिच्या चौकटींतून मुलांना पळवणे किंवा तासातला अर्धा वेळ दोरीवरच्या उड्यांत घालवणे, यांतून दम वाढतो, पण त्याला फुटवर्क म्हणणे चूक आहे, कारण ज्याच्यापासून अंतर राखायचे तो समोर नसतोच. आपल्या मुलाच्या वर्गाविषयी शंका असेल, तर पालकांनी एक संध्याकाळ कडेला बसून मुलांचे पाय सरकतात तेव्हा समोर कोणी जोडीदार असतो का, आणि त्याच्या हालचालीनुसार ते सरकतात की प्रशिक्षकाच्या शिट्टीनुसार, एवढेच पाहावे.